पॅटर्न मास्टरला पैसे किती द्यायचे?

पत्र

विडी घरकुलात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पाच मशीन आहेत. आजवर व्यापारी कापलेला माल आणून द्यायचे आणि आम्ही शाळेचे गणवेश शिवून परत करायचो. आता ओळखीतून एका खासगी हॉस्पिटलची 120 स्क्रब सेटची ऑर्डर मिळतेय. वर व्ही गळ्याचा टॉप, खाली नाडीची पँट, एकूण सहा साईज. घालणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. कापड घेण्यापासून सगळं आता माझ्याकडे.

एका गारमेंट कारखान्यातले पॅटर्न मास्टर टॉपचे 2,500 आणि पँटचे 2,500 मागतात. त्यात एक सॅम्पल आणि दोन दुरुस्त्या धरल्या आहेत. बाकीच्या साईजचे प्रत्येकी 150 वेगळे. दुसरे एक कटिंग मास्टर 800 रुपयांत एक फर्मा (ज्यावरून कापड कापतात तो कागदी पॅटर्न) देतो म्हणतात, सगळ्या साईज त्यातच. मिस्टर म्हणतात, बाजारातला चांगला सेट आणा, उसवा आणि त्यावरून कापा, कागदाला कसले पैसे? दीर म्हणतात, महिना 25,000 देऊन मास्टरच ठेवा, म्हणजे धंदा वाढेल. कुणाचं ऐकू? आणि मास्टरनी माझा पॅटर्न दुसऱ्याला दिला तर?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई,

तुमच्या घरात सगळे फर्म्याचा भाव करताहेत आणि कापडाचा भाव कुणीच धरलेला नाही. तो आधी धरू, मग अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतील.

तुम्ही कापडाचा दर कळवलेला नाही, म्हणून हिशेबापुरते मीटरला 190 रुपये धरते. 58 इंच पन्ह्यात एका सेटला साधारण 2.4 मीटर धरा. म्हणजे 120 सेटना 288 मीटर, पैशात 54,720 रुपये. हे पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत. व्यापाऱ्याकडून कापलेला माल यायचा तेव्हा कापड बिघडलं तर ते त्याचं होतं. आता कात्री चुकली की नुकसान तुमचं. पॅटर्नला किती पैसे द्यायचे हे या 54,720 कडे बघून ठरवा.

पहिल्या मास्टरचा पूर्ण हिशेब असा: टॉप आणि पँटचे मिळून 5,000. सहापैकी एक साईज मूळ पॅटर्नमध्येच आली, उरल्या पाच. दोन कपडे गुणिले पाच साईज गुणिले 150, म्हणजे 1,500. एकूण 6,500. सेटमागे 54 रुपये पडतात. हॉस्पिटलनं पुढच्या वर्षी तेवढेच सेट पुन्हा मागितले तर तोच खर्च सेटमागे 27 वर येतो, कारण कागद तोच राहतो. दुसऱ्या मास्टरचे 1,600, म्हणजे सेटमागे तेरा-साडेतेरा. दोघांतला फरक 4,900 रुपयांचा. आता एक सेट वाया गेला तर किती जातात ते बघा. कापडाचे 456 आणि शिलाईचे, समजा, 150. सहाशेच्या वर गेले. आठ सेट परत आले की स्वस्तातल्या फर्म्याची बचत जवळजवळ संपली. 120 मध्ये आठ हे फार नाहीत. एका साईजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, तंग निघाला तर त्या साईजचे सगळेच परत येतात.

मिस्टरांना कागदाचे पैसे जड वाटतात, ते मी समजू शकते. आपलं गाव चादरीचं आणि टॉवेलचं. चादर मागावरून उतरते ती चौकोनीच. लांबी बघून कापली, टोकं दुमडली, घडी घातली की झालं. तिथं अक्कल सुतात, रंगात आणि मागावर खर्च होते, कापण्यात नाही. कपड्याचं तसं नसतं. शरीर कुठंच चौकोनी नाही, आणि सपाट कापड त्याच्यावर बसवायची सगळी अक्कल त्या तपकिरी कागदावर असते. गणवेश शिवताना तुमच्यापर्यंत ती कापलेल्या तुकड्यांतून येत होती, कुणीतरी तिचे पैसे आधीच भरलेले होते.

तर, हे दोन मास्टर नेमकं काय विकताहेत? मला वाटतं, दोघं दोन वेगवेगळी कामं विकताहेत आणि तुम्ही त्यांचे दर शेजारी शेजारी ठेवलेत. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘मास्टर’ म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. पॅटर्न मास्टर मापांवरून कागद उतरवतो, सॅम्पल अंगावर बघतो, दुरुस्त करतो आणि मग साईज वाढवत-कमी करत नेतो. कटिंग मास्टर तो कागद घेऊन कापडाचे थर लावतो, कमीत कमी कापडात तुकडे बसवतो आणि मशीननं कापतो. काही जणांना दोन्ही येतं, पण हात एकाच कामात बसलेला असतो. पत्रात तुम्ही ज्यांना कटिंग मास्टर म्हणालात, त्यांचा 800 चा भाव म्हणजे बहुतेक त्यांच्याकडे आधीच असलेला एखादा फर्मा थोडा इकडेतिकडे करून देण्याचा भाव असणार. शाळेच्या कुर्त्याचा असेल, तर नर्सच्या अंगावर तो कसा बसेल याचा अंदाज तुम्हीच करा. हात वर करून सलाईनची बाटली अडकवायची, वाकून पेशंटला उठवायचं, हे शाळेच्या कुर्त्याला कधी करावं लागत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्याच हिशेबातून सुटलीय. 120 सेट कापणार कोण? 2,500 वाले मास्टर कागद देऊन जातील. तुमच्याकडे कटिंग टेबल आणि मशीन आहे असं पत्रात कुठं दिसत नाही. घरच्या कात्रीनं दोन-तीन थर कापता येतात. छोटा गोल कटर घेतलात तर सरळ रेषेत चालेल, पण थर जास्त झाले की मुंढ्याच्या वळणावर गोल पातं वरच्या आणि खालच्या थराला सारखं कापत नाही. वरचा तुकडा बरोबर येतो, खालचा कमी-जास्त. उभ्या पात्याचं मशीन त्यासाठीच असतं. म्हणून माझा सल्ला असा की दोघांनाही काम द्या. कागद पहिल्यांकडून करून घ्या आणि तोच कागद देऊन दुसऱ्यांकडून पीस रेटवर, म्हणजे नगामागे दर ठरवून, कटिंग करून घ्या. टॉपला किती, पँटला किती, आणि थर लावायची मजुरी त्यात आहे का, हे आजच विचारा. 800 चा फर्मा नको म्हटलंत म्हणून ते रुसणार नाहीत, 240 नगांचं कटिंग मिळतंय.

आता साईजचं बोलते, कारण खरी परीक्षा तिथं आहे. 150 रुपये साईज म्हणजे नुसती रेघ मोठी करायची, असं वाटतं ना? ‘सगळ्या साईज त्यातच’ म्हणणारे बरेचदा तसंच करतात. चारी बाजूंनी अर्धा इंच वाढवला, झाला एल. पुन्हा अर्धा वाढवला, झाला एक्सएल. आता हे बघा. साईज वाढली की छातीचा घेर दोन इंचांनी वाढतो, म्हणजे घडीवरच्या चौथाई कागदाला बगलेत अर्धा इंच मिळतो. इथपर्यंत ठीक. पण खांदा तेवढा वाढत नाही, त्याला सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुरतं. मुंढ्याच्या खोलीला दोनेक सूत. उंचीला त्याहून थोडं जास्त. माणूस जाड झाला म्हणून त्याची हाडं त्या मानानं रुंद होत नाहीत. सरसकट अर्धा इंच दिलात तर एमवरून डबल एक्सएलपर्यंत जाताना खांदा दीड इंच बाहेर सरकतो, तिथं हवा होता जेमतेम तीन सूत. मग बाही दंडावर लोंबते आणि व्ही गळा वाकल्यावर सगळा उघडा पडतो. बायकांची स्क्रबबद्दलची मोठी तक्रार हीच असते. हॉस्पिटलनं तुमच्याकडे ऑर्डर द्यायचं कारणही कदाचित हेच असेल, विचारून बघा. तसं असेल तर साईजचे 1,500 हा तुमच्या ऑर्डरमधला सगळ्यात कामाचा खर्च आहे. तिथं घासाघीस करू नका.

घासाघीस करायला दुसऱ्या जागा आहेत. सहा साईज कुणी ठरवल्या? हॉस्पिटलनं कुठल्यातरी कंपनीचा तक्ता पाठवला असेल. एका कंपनीचा एम दुसरीच्या एमशी जुळत नाही, आणि परदेशी तक्ते तर आपल्या बायकांना धड बसतच नाहीत. भारतीयांच्या अंगाचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेला ‘इंडियासाईज’ नावाचं मोजमापाचं मोठं काम हाती घ्यावं लागलं. तुम्ही एवढं करा, टेप घेऊन हॉस्पिटलमध्ये जा. एखाद्या शिफ्टच्या वेळी दहा-बारा जणींची छाती, कंबर, सीट, खांदा, उंची लिहून आणा. बारीक, मध्यम, जाड अशा सगळ्या प्रकारच्या घ्या. याला पैसा लागत नाही आणि मास्टरला अंदाजावर काम करावं लागत नाही. मापं बघून सगळ्यात लहान साईज कुणालाच लागत नाही असं निघालं, तर टॉप-पँट मिळून 300 रुपये तिथंच वाचले. पँट नाडीची आहे, तेव्हा सहाऐवजी चार साईजमध्ये भागतं का, हेही मास्टरना विचारा. कंबर नाडीवर ओढून घेता येते. आसन आणि मांडी मात्र घेता येत नाही, म्हणून अंतिम शब्द त्यांचा ठेवा.

पॅटर्न काढायला सांगण्याआधी कापड नक्की करा. चाटी गल्लीतून घ्या की थेट होलसेलवाल्याकडून, आधी एक मीटर आणा. त्यावर बॉलपेननं 50 बाय 50 सेंटीमीटरचा चौकोन आखा. हॉस्पिटलची लाँड्री गरम पाण्यात धुते, म्हणून तुम्हीही दोनदा गरम पाण्यातच धुवा, इस्त्री करा आणि चौकोन पुन्हा मोजा. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेनं 48.5 भरला तर कापड 3 टक्के आटतंय. 70 सेंटीमीटर उंचीच्या टॉपमधून दोन सेंटीमीटरहून जास्त गेले. मास्टरना हा आकडा दिलात तर ते कागदातच तेवढी भर घालतील. उभं आणि आडवं आटणं वेगवेगळं असतं, दोन्ही लिहून द्या. ज्या मास्टरनी ‘कापड कुठलं, आटतं किती’ हे स्वतःहून विचारलं, त्यांचे 2,500 मला महाग वाटणार नाहीत. ज्यांनी विचारलंच नाही, त्यांना 800 सुद्धा द्यायच्या आधी मी थांबेन.

उसवून कापायच्या कल्पनेबद्दल. एकच कपडा, एकच साईज, घरातल्या माणसासाठी, इथं ती युक्ती चालते. पण धुतलेला सेट आटलेला असतो, वापरलेला ताणलेला असतो, आणि उसवताना मुंढ्याची तिरकी कड हातानं ओढली गेली की ती मूळच्या मापात राहत नाही. त्या कपड्यात जो दोष असेल तो 120 पट होऊन तुमच्याकडे येईल. शिवाय उसवून एकाच साईजचा कागद मिळतो, बाकीच्या पाचांचं काय? मिस्टरांना सांगा, तो सेट जरूर आणा, पण न उसवता मास्टरच्या हातात द्या. खिसे कुठं, शिलाई कशी, गळ्याला पट्टी किती, हे दाखवायला त्याचा उपयोग होईल. बोलण्यातला अर्धा वेळ वाचेल.

दिरांच्या महिन्याच्या मास्टरबद्दल फार लिहायला नको. 25,000 या एका ऑर्डरवर टाकले तर सेटमागे 208 रुपये होतात. हेच काम 6,500 ला बाहेरून होतंय, म्हणजे दर महिन्याला जवळजवळ चार नव्या डिझाईनचे सेट निघाले तरच पगार वसूल होईल. तुमची आत्ता एकच ऑर्डर आहे. रोजचं कटिंग सुरू झालं, टेबल-मशीन आलं, आणि तोच माणूस पॅटर्नही करेल आणि कापेलही, अशी वेळ आली की दिरांचं म्हणणं पुन्हा काढा. तोवर मास्टर कारखान्याच्या कामानंतर संध्याकाळी येऊन करतात का, ते बघा. फक्त मालकाला चालतं ना आणि मालकाचा कागद उचलून तर देत नाहीत ना, एवढं स्पष्ट विचारून घ्या.

सौदा करताना पावतीच्या मागं का होईना, चार ओळी लिहून घ्या. 5,000 मध्ये सॅम्पल शिवायची मजुरी आहे की फक्त कागद? सॅम्पलचं कापड कुणाचं? दोन दुरुस्त्या म्हणजे काय? यावरून भांडणं होतात म्हणून सांगते. टॉप सांगितलेल्या मापात बसला नाही, तर ती दुरुस्ती, ती त्यांच्या पैशात. सॅम्पल बघून हॉस्पिटलवाल्या मॅडम म्हणाल्या, ‘खिसा तिसरा हवा, बाही लहान करा’, तर तो बदल झाला, त्याचे वेगळे पैसे मागणं रास्त आहे. म्हणून सॅम्पलआधीच खिसे-बाही मॅडमकडून पक्कं करून घ्या. निम्मे पैसे आधी द्या, निम्मे सॅम्पल पास झाल्यावर. आणि सॅम्पल खऱ्या कापडावरच शिवा. मादरपाटावर बसलेला टॉप पॉलिएस्टर-व्हिस्कोसवर तसाच बसेल असं नाही.

कागद हातात आला की प्रत्येक तुकड्यावर हे दिसलं पाहिजे: साईज, तुकड्याचं नाव, किती कापायचे, उभ्या धाग्याची रेघ, शिलाईचा दाब (शिवणीसाठी सोडायची जादा कड) धरलाय की नाही, आणि जोडायच्या जागी खाचा. बाहीच्या आणि मुंढ्याच्या खाचा जुळल्या नाहीत तर तुमच्या मशीनवरच्या बायका प्रत्येक बाही ओढून-ताणून बसवतील आणि दिवसाला निघणारे नग निम्म्यावर येतील. हे न मोजता येणारं नुकसान फर्म्याच्या किमतीत कुणी धरत नाही, पण पाच मशीनचं युनिट चालवणाऱ्या बाईला ते लगेच कळेल.

मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे मांडायचा नकाशा, तो कोण करणार हेही ठरवा. लहान आणि मोठी साईज एकाच मार्करमध्ये घेतली की मोठ्या पाठीच्या शेजारच्या रिकाम्या जागेत लहान बाही बसते. सेटमागे नुसतं 10 सेंटीमीटर कापड वाचलं तरी 120 सेटना 12 मीटर होतात, वरच्या दरानं 2,280 रुपये. 6,500 मधले एक तृतीयांश परत आले. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पॅटर्न काढणाऱ्यांकडे गेलात तर हे मार्कर चांगलं निघतं, पण पहिल्या ऑर्डरला ते हवंच असं नाही. गेलातच, तर प्रिंटबरोबर डीएक्सएफ फाईलही मागा. ती वेगवेगळ्या पॅटर्न सॉफ्टवेअरमध्ये उघडते, म्हणजे पुढे त्याच एका दुकानाशी बांधलेले राहणार नाही. आणि प्रिंटवर 10 सेंटीमीटरचा चौकोन छापून घेऊन पट्टीनं मोजा. प्लॉटरनं कागद किंचित लहान-मोठा काढला असेल तर तो तिथंच पकडला जातो.

तुमची शेवटची काळजी, पॅटर्न दुसऱ्याला दिला तर? व्ही गळ्याचा स्क्रब टॉप जगभर एकच आहे ताई, तो कुणी चोरावा असा नाही. रचना खरोखर नवी असेल तर ती डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदवता येते, या टॉपला ती वाट नाही. मास्टर आपला मूळ ब्लॉक, म्हणजे ज्यावरून ते बाकीचे पॅटर्न काढतात तो पायाचा कागद, स्वतःकडे ठेवतील, तो त्यांच्या हाताचा आहे, तो मागू नका. तुम्ही मागायचं ते एवढंच: सहा साईजचे पूर्ण कागद आणि फाईल असेल तर फाईल तुमच्या ताब्यात, आणि हॉस्पिटलचं नाव त्यांनी दुसरीकडे घ्यायचं नाही. हे त्या पावतीवर पाचवी ओळ म्हणून लिहा. पुढच्या वेळी लॅब कोट किंवा ॲप्रन करायचा झाला तर याच टॉपवरून काढून देण्याचा भाव आजच विचारून ठेवा. नव्यानं 2,500 पडायला नकोत, कारण माप आणि मुंढा तयारच असेल. कागदांना वर भोक पाडून साईजवार हुकाला टांगा, घडी घालू नका. कटिंगला जाताना मूळ कागद देऊ नका, पुठ्ठ्यावर उतरवलेली नक्कल द्या.